भ्यायलेल्या हाताचं माप

मुसेंबी भित्रा होता असं अजूनही काही जण म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना एकदा आठी नदीच्या लव्हाळ्यात एकटं उभं करावं, समोर कुठंतरी जखमी रानरेडा, दिसत नाही पण वास येतोय, आणि मग विचारावं, हां, आता बोल.

आमच्या कांबा मुलखात तिरंदाज काही कमी नाहीत. पण कितेमाच्या घरासारखं घर दुसरं नाही. इकुथापासून मुथापर्यंत कुणालाही विचारा. कितेमाचं धनुष्य त्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच होतं आणि इतकं ताठ, की बाजाराच्या दिवशी धडधाकट माणसं पैज मारून ते ओढायला जायची आणि खांदा चोळत खाली बसायची. रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जंगलात शिकारीला बंदी अजून आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

कितेमाला दोन मुलगे. थोरला मालोंझा. छाती रुंद, आवाज मोठा, बोलायला उभा राहिला की शेजारच्या टेकडीवरच्या शेळ्या मान वर करायच्या. धाकटा मुसेंबी. अंगाने काटकुळा, हात लांब, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की घशात बोर अडकल्यासारखा गप्प.

लहानपणापासून तो भ्यायचा, हे खरं आहे. लपवायचं कशाला? तरस ओरडलं की आईच्या पाठीला चिकटायचा. वावटळ आली की झोपडीत पळायचा. पण डोळा! असा डोळा आमच्या मुलखात परत झाला नाही. आमच्याकडे वेलींचं कडं करून उतारावरून सोडतात आणि पोरं ओळीने उभी राहून त्याच्या मधून तीर काढतात. इतर पोरांचे तीर कड्याच्या मागं, पुढं, कुणाचे बकरीच्या ढुंगणात. मुसेंबीचा तीर मधून. परत सोडा, परत मधून. मोठा झाल्यावर गोरखचिंचेच्या झाडांवर मधमाश्यांसाठी पोकळ ओंडके टांगायचा धंदा करायचा तो, आणि ओंडक्याची दोरी उंच फांदीवर टाकायची असली की लोक त्याला बोलावायचे. दोरी बांधलेला तीर एका दमात फांदीवरून पलीकडे.

कितेमा वारला तेव्हा धनुष्य रीतीप्रमाणे थोरल्याकडे यायचं. पण मालोंझाचा उजवा खांदा झाडावरून पडून कायमचा आखडलेला. तो सांगायचा की हत्तीने सोंडेनं ओढला. असो. दुखवट्याला जमलेल्या सगळ्या माणसांसमोर मालोंझानं धनुष्य उचललं आणि म्हणाला, "कितेमाचं धनुष्य भिंतीला लटकत राहणार नाही. माझा धाकटा ओढेल. कानापर्यंत ओढेल. कुणाला शंका?"

कुणाला शंका असेल? मालोंझासमोर शंका काढायची म्हणजे संध्याकाळपर्यंत ऐकत बसायचं.

मुसेंबीनं तिथं अंगणात ते ओढलं. सगळे बघत होते, बायका ओरडत होत्या, मालोंझा "हां! हां!" करत होता. दोरी कानाला लागली. तेव्हापासून ते त्याचं झालं.

उन्हाळा कडक लागला त्या वर्षी. हरणं नदीकडे सरकली, त्यांच्यामागं मुसेंबी. एका सकाळी पाणवठ्याच्या वाटेवर तो वळला आणि समोर रानरेडा. एकटा, म्हातारा, शिंगांचं मधलं कवच तुटलेलं. इतका जवळ, की त्याच्या पापणीवरची गोचीड दिसली.

पळायला जागा नव्हती. मुसेंबीनं तीर लावला आणि ओढलं. आणि हात छातीशी आला आणि तिथंच थांबला. जणू दोरी मागून कुणीतरी धरली होती. तो ओढत होता, अगदी दात खाऊन ओढत होता, पण बापाचं ते धनुष्य एक बोट मागं येईना. बोटं सुटली.

तीर लागला, लागायचा तिथंच लागला, पण रेडा नुसता हुंकारला आणि लव्हाळ्यात शिरला. मुसेंबी कितीतरी वेळ तिथंच उभा होता. मग घरी आला आणि कुणाला काही बोलला नाही.

आमच्याकडे प्रत्येकजण आपल्या तिरावर स्वतःची खूण कोरतो. शिकार कुणाची हे त्यावरून ठरतं, आणि पाप कुणाचं हेही. विष लावलेलं तिराचं टोक जनावरात राहतं, दांडी गळून पडते. दोन दिवसांनी कावाटाआजी पाण्याला गेली, ती परत आली नाही. माणसं धावली तर ती वाटेवर पडलेली. रेड्यानं तिला उचलून फेकलं होतं. कंबर मोडली. जिवंत होती, पण खोपटात पडून ती जे कण्हायची ते अख्ख्या वस्तीला ऐकू यायचं. आणि तिच्या पाण्याच्या फुटलेल्या भोपळ्याशेजारी सापडली एक दांडी. तिच्यावर तीन आडव्या रेघा आणि एक तिरकी. मुसेंबीची खूण.

वस्तीतले म्हातारे मधाच्या दारूचं भांडं मधे ठेवून बसले. फार बोलले नाहीत. ज्याची खूण, त्यानं काम पुरं करायचं. तोवर बायकांनी नदीवर जायचं नाही, ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून जे झिरपेल ते भरायचं.

"विष जुनं होतं!" मालोंझा उठून म्हणाला. "विषवाल्यानं फसवलं. नाहीतर कितेमाच्या धनुष्यातून सुटलेला तीर खाऊन रेडा चार पावलं तरी चालेल काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मुसेंबीनं मान खाली घातली. विष ताजं होतं. त्यानं स्वतः त्यावर पातळ कातडं गुंडाळून ठेवलं होतं, वाळू नये म्हणून. त्याला ठाऊक होतं काय झालं ते, आणि ते सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती.

घरी त्याची बायको कालोंडू मडक्याच्या बुडाशी वाटी खरवडत होती. दिवस भरत आलेले, वाकताना तिला धाप लागायची.

"वाळूतला खड्डा संपला," ती म्हणाली. "आज वर नुसता चिखल आला. बायका म्हणतायत, उद्या नाहीतर परवा नदीवर जाऊ, घोळक्यानं जाऊ, थाळ्या वाजवत जाऊ."

"तू जायचं नाहीस."

"मग कोण जाणार? माझा नवरा? तो गेला तर मला आनंदच आहे, पण तो दोन दिवस झाले शेळ्यांच्या कुडाशी बसून बोटं मोजतोय."

मुसेंबीनं मक्याचे चार दाणे तोंडात टाकले आणि ते चघळतच राहिला, गिळवेनात.

कालोंडूचा आवाज मऊ झाला. "काय झालं होतं तिथं? मला तरी सांगा."

"तात सैल झालीय धनुष्याची," तो म्हणाला आणि उठला.

तात सैल झालीय, हेच सांगत तो किटोंगाकडे गेला. किटोंगा म्हणजे आमच्या भागातला धनुष्यं करणारा. म्हातारा, तासणी धरून धरून बोटं वाकडी झालेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याच्या झोपडीत चुलीच्या वर, धुरात, धनुष्यं टांगलेली असायची. तो कुणालाही तयार धनुष्य विकायचा नाही. माणूस यायचा, किटोंगा त्याला उभा करायचा, हनुवटीपासून मुठीपर्यंत दोरी लावायचा, त्याच्याशी गप्पा मारायचा, दोन-तीनदा घरी पाठवायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात धनुष्य द्यायचा.

मुसेंबीनं दार ओलांडलं आणि त्याच्यामागून मालोंझा आत शिरला. मालोंझामागं आणखी पाच-सहा जण. मालोंझानं वाटेत सगळ्यांना सांगितलं होतं की माझा भाऊ बापाच्याहूनही ताठ धनुष्य घ्यायला चाललाय.

"किटोंगाकाका!" मालोंझा म्हणाला. "तुमच्याकडचं सगळ्यात भारी काढा. जे कुणाला वाकवता आलं नाही ते."

किटोंगानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मुसेंबीला म्हणाला, "दांडी आणलीस?"

मुसेंबीनं ती कावाटाआजीच्या भोपळ्याजवळ सापडलेली दांडी पुढं केली. म्हाताऱ्यानं ती चांगल्या डोळ्याजवळ धरली. वाळलेलं रक्त दांडीच्या पुढच्या टोकाला, नखाएवढं. त्याच्यावर लाकूड स्वच्छ. टोकच जेमतेम आत गेलेलं, दांडी गेलीच नव्हती.

किटोंगानं नखानं ते रक्त खरवडलं. मुसेंबीकडे बघितलं. मुसेंबीच्या कानांत नगारे वाजायला लागले. आता हा बोलणार. सगळ्यांसमोर, दादासमोर बोलणार.

"हं," किटोंगा म्हणाला आणि दांडी चुलीत टाकली.

मुसेंबी आधाराला खांबाला टेकला.

"तीन आहेत," किटोंगा म्हणाला. "एकही तुझ्यासाठी केलेलं नाही. तुझं करायला मला वर्ष लागेल, आणि रेडा वर्षभर थांबणार नाही. या तिघांतलं एक निवडायचं, आणि मी ते तुझ्या हाताला तासून देईन."

पहिलं एका माणसानं सांगून करवून घेतलेलं, तो माणूस कामाला मोंबासाला गेला तो परत आला नाही. जाड, धामणीच्या जातीच्या लाकडाचं, कितेमाच्या धनुष्याला भाऊ शोभेल असं. दुसरं त्याहून थोडं नरम, पण ते एका ठेंगण्या माणसासाठी केलेलं होतं. मुसेंबीच्या लांब हातानं ओढलं की मधे कुरकुरायचं. ते त्यानं लगेच परत ठेवलं. तिसरं पातळ, लांब, धुरानं काळं झालेलं.

"हे कुणाचं?" कुणीतरी विचारलं.

"माझं," किटोंगा म्हणाला. "गेली सहा-सात वर्षं मी ह्याच्यावर आहे."

सगळे हसले. "म्हाताऱ्याची काठी आहे ती," एकजण म्हणाला. "टेकत टेकत रेड्यापर्यंत जाईल आमचा मुसेंबी."

"जाऊन रेड्याला विचारेल, बाबा, जरा हात दे."

मालोंझाला हसू आलं नाही. त्यानं जाड धनुष्य काढून भावाच्या हातात कोंबलं. "चल. बाहेर. दाखव ह्यांना."

बाहेर अंगणाच्या पुढं उतार होता. कुणीतरी कडं करून आणलं, सोडलं. मुसेंबीनं धनुष्य उचललं, लोक ओरडले, मालोंझा "हां!" म्हणाला, आणि दोरी कानाला लागली. तीर कड्याच्या मधून गेला आणि पलीकडच्या बाभळीत असा रुतला की नंतर तो दोघांनी मिळून उपटला. गलका झाला. मालोंझानं भावाला उचलायचा प्रयत्न केला आणि खांदा आखडला म्हणून सोडून दिलं.

"झालं! हेच!" मालोंझा म्हणाला. "काका, तासायचं काही नाही ह्याला. उद्या सकाळी माझा भाऊ रेड्याला पाडतो."

मुसेंबीलाही क्षणभर वाटलं, हेच. खांद्यात बळ होतं. मग वाऱ्यावरून कावाटाआजीचं कण्हणं आलं आणि त्यानं धनुष्य खाली टेकवलं. अंगणात मी नेहमीच ओढतो, त्याच्या मनात आलं. पण रेडा काही अंगणात नाही. आणि आता हे सगळ्यांनी पाहिलंय. आता हे घेऊनच जावं लागणार, आणि हात परत छातीशी थांबणार, आणि या वेळी रेडा लव्हाळ्यात शिरणार नाही.

किटोंगा उठला. जाड आणि पातळ, दोन्ही धनुष्यं काखेत मारली. "माप अजून झालं नाही," तो म्हणाला. "मुसेंबी, चल माझ्याबरोबर. तीर घेऊ नकोस."

"कुठं?"

"नदीवर."

"तीर न घेता?" मालोंझा म्हणाला. "काका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू पण ये. बडबड कर. रेडा तुझ्याकडे जाईल."

बाकीच्यांना एकदम कामं आठवली. मालोंझाला काय वाटलं कोण जाणे, पण तो आला. काही झालं तरी तो थोरला होता. वाटेभर तो बोलत होता, पण आवाज खाली खाली येत गेला, आणि नदीची ओल नाकाला लागली तेव्हा तो पूर्ण बंद झाला.

लव्हाळ्याच्या कडेला एक मोठी गोरखचिंच आहे. ऊन उतरायला लागलं होतं. किटोंगा तिथं थांबला आणि त्यानं नाक वर केलं. मुसेंबीलाही तो वास आला. शेणाचा, चिखलाचा, आणि त्यात मिसळलेला सडक्या मांसाचा. जखम नासली होती. आत कुठंतरी लव्हाळं एकदा हललं आणि थांबलं. वारा नव्हता.

जखमी रेडा पळून जात नाही. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तो वळसा घालून आपल्याच वाटेवर येतो आणि ज्यानं जखम केली त्याची वाट बघतो.

किटोंगानं मुसेंबीच्या हातात जाड धनुष्य दिलं. ओठ कानाशी आणून पुटपुटला, "ओढ. सोडू नकोस हां, रिकामं सोडलं तर तुटेल. ओढ आणि धर."

मुसेंबीनं ओढलं. घाम डोळ्यांत उतरला. दोरी छातीशी आली आणि थांबली. तीच जागा. तोच मागून धरणारा हात. त्यानं दात आवळले, हात कापायला लागला, दोरी हलली नाही. लव्हाळ्यात परत काहीतरी मोडलं. त्याच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला.

"आण परत. हळू," किटोंगा म्हणाला. त्यानं कोळशानं त्याच्या छातीवर एक रेघ मारली, दोरी थांबली होती तिथं. मग पातळ धनुष्य दिलं. "आता हे."

हात तसाच कापत होता. पण दोरी आली, छातीवरच्या काळ्या रेघेवरून पुढं आली, हनुवटीवरून आली, कानाला लागली. आणि तिथं राहिली. हात कापत होता तरी राहिली.

मुसेंबी रडायला लागला. आवाज न करता.

"अंगणात सगळेच शूर असतात," किटोंगा पुटपुटला. "मी अंगणातलं माप घेत नाही. तुझ्या बापाचंही इथंच घेतलं होतं. तो माणूस इथंही तसाच होता. शंभरात एखादा असतो तसा. तू नाहीस. मीही नव्हतो."

"लोक हसतील, काका."

"हसू दे की. अर्धं ओढलेलं भारी धनुष्य आणि पुरं ओढलेलं हलकं, ह्यातलं कुठलं खोल जातं ते तू त्या दांडीवर पाहिलंयस."

त्यांनी मागं वळून बघितलं. मालोंझा गोरखचिंचेला पाठ लावून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा असा झाला होता, की मुसेंबीला वाटलं, दादा आता फटकारणार.

"दादा..."

"चला इथून आधी," मालोंझा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नंतर बोलू."

नंतर काही तो बोलला नाही. किटोंगाच्या अंगणात बसून त्यानं म्हाताऱ्याला तासणी पाजळून दिली. किटोंगानं पातळ धनुष्याच्या आतल्या अंगावरून खवल्यांसारखे पापुद्रे काढले, दर वेळी मुसेंबीला ओढायला लावलं, परत काढले. मुठीच्या जागी शेळीचं ओलं कातडं गुंडाळलं. नवी तात चढवली. मालोंझानं विषवाल्याकडून ताजं विष आणलं, काळं, डांबरासारखं, आणि या वेळी विषवाल्याला शिव्या दिल्या नाहीत.

सकाळी निघताना कालोंडू दारात उभी होती. तिनं त्या पातळ धनुष्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी घेऊन या येताना. भोपळा देते बरोबर."

"भोपळा?" मालोंझा म्हणाला. "आम्ही शिकारीला चाललोय, कालोंडू."

"मग येताना रिकामे हात कशाला हलवत यायचं, भावजी?"

भोपळा मालोंझाच्या गळ्यात अडकवला गेला.

नदीचा वारा त्यांच्या तोंडावर येत होता, म्हणजे रेड्याला वास जाणार नव्हता. एवढंच काय ते बरं. लव्हाळ्यात शिरल्यावर चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मुसेंबी पुढं, मालोंझा मागं. मुसेंबीला स्वतःचा श्वास इतका मोठा वाटत होता की तो तोंड मिटून नाकानं घ्यायला लागला, आणि नाक शिट्टीसारखं वाजायला लागलं. पायाखाली वाळलेलं काही आलं की काळीज उडायचं. त्याच्या मनात सारखं येत होतं, परत फिरावं. परत फिरून सांगावं, सापडला नाही. कुणाला कळणार? आणि मग कालोंडू दिसायची, थाळी वाजवत वाटेवरून येणारी, पोट पुढं काढून, धापा टाकत.

एका जागी जमीन उघडी होती. त्यानं पाऊल टाकलं आणि डाव्या हाताला कर्रर्र आवाज झाला. रेड्याच्या अंगावर बसून गोचिडी खाणारे ते तांबड्या चोचीचे पक्षी उडाले.

म्हणजे तो तिथं होता. इतक्या जवळ, की मुसेंबी त्याच्या बाजूनं चालत आला होता.

लव्हाळं उघडलं. आधी शिंगं आली, मग ते तुटकं कवच, मग डोळा. रेडा हुंकारला नाही. मान किंचित वर करून, नाकपुड्या फुगवून बघत राहिला, एखादा सावकार दारातल्या माणसाकडे बघतो तसा. मागून भोपळा कशालातरी आपटल्याचा आवाज आला. मालोंझा झाडाकडे पळाला होता.

रेड्याची मान आवाजाकडे वळली. खांद्यामागची जागा उघडी झाली.

मुसेंबीचे हात कापत होते. आदल्या दिवसासारखेच, काडीचाही फरक नव्हता. मांड्यांवरून काहीतरी गरम वाहत होतं आणि त्याला कळत होतं ते काय आहे. आणि हो, त्याची लुंगी ओली झाली. सांगायला लाज कसली? ज्याला हसायचं त्यानं तिथं उभं राहून हसावं. त्यानं ओढलं. दोरी छातीवरच्या कोळशाच्या रेघेजवळ आली, ती अजून पुसली नव्हती. तिथं तो भीतीनं आंधळा झाला. आणि हात चालत राहिला. कानापर्यंत.

त्यानं सोडलं.

तीर लागलेला दिसला नाही. लागलेलं ऐकू आलं, ओल्या मातीत काठी घातल्यासारखं, आणि मग दिसलं की बाहेर नुसती पिसं राहिली आहेत. रेडा उडाला, फिरला, आणि धावला. मुसेंबीकडे नाही. आवाजाकडे. गोरखचिंचेकडे.

मुसेंबी ओरडला, "दादा!" आयुष्यात एवढ्या मोठ्यानं तो ओरडला नव्हता. जागचं हलू नये, हे शिकाऱ्याला कळतं, तीर लागल्यावर गप्प पडून राहावं. पण तो धावला. रेड्याच्या मागं धावला, हातात ते पातळ धनुष्य, भात्यातून दुसरा तीर काढता काढता तीर सांडत.

रेडा झाडाशी पोचला. वर, आखडलेल्या खांद्यासकट, एका हातानं फांदीला लटकलेला मालोंझा होता आणि त्याच्या पायांखाली शिंगं. रेड्यानं बुंध्याला एक धडक दिली. दुसरी देण्यासाठी मागं सरकला. पुढचे पाय त्याच्या अंगाखाली दुमडले, जणू पाणी प्यायला वाकतोय. तो तसाच बसला. बसल्या जागी एक लांब, खोल आवाज काढला, आणि मान मातीला टेकवली.

बराच वेळ दोघंही हलले नाहीत.

"मेला काय?" वरून मालोंझानं विचारलं.

"मला काय माहीत? तू जवळ आहेस."

"दगड मार त्याला."

"तूच थुंक की वरून."

मालोंझा खरंच थुंकला. रेडा हलला नाही. मग मुसेंबी खाली बसला आणि त्याला हसू यायला लागलं, आणि हसता हसता दात असे वाजायला लागले की त्यानं धनुष्याची मूठ दातांत धरली. शेळीच्या कातड्यावर त्याच्या दातांच्या खुणा शेवटपर्यंत होत्या.

त्या दिवशी बायका थाळ्या न वाजवता पाण्यावर गेल्या. मांस वस्तीभर वाटलं गेलं, कावाटाआजीच्या घरी काळीज पाठवलं. मालोंझानं गोष्ट सांगितली. ती गोष्ट अजूनही सांगितली जाते, आणि तिच्यात मालोंझा रेड्याला झाडाकडे हुलकावणी देऊन नेतो, मुद्दाम. मुसेंबीनं ती कधी दुरुस्त केली नाही. एक मात्र आहे. मालोंझा त्या गोष्टीत कुठलंही धनुष्य भारी होतं असं सांगत नाही. तिथं आला की तो म्हणतो, "माझ्या भावानं कानापर्यंत ओढलं. कानापर्यंत!" आणि सगळ्यांकडे बघतो.

कितेमाचं धनुष्य मालोंझाच्या भिंतीला गेलं.

मुलगी झाली मुसेंबीला. पाऊस होऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात किटोंगानं त्याला बोलावलं. झोपडीत नवी काठी होती, धुरात वाळवलेली, सरळ, एकही गाठ नसलेली.

"हे तुझं," म्हातारा म्हणाला. "शिकारीला आणि कड्याच्या खेळाला, दोन्हीला एकच करू. आता काय, रेडामार तू. जरा ताठ ठेवू का?"

मुसेंबीनं काठीवर हात फिरवला. अंगणात कोणीतरी कडं सोडत होतं, मालोंझाचा आवाज येत होता.

"नको, काका," तो म्हणाला. "भीती तेवढीच आहे."

किटोंगानं मान हलवली, काठी काखेत मारली, कोळशाचा तुकडा घेतला. दोघं मागच्या दारानं बाहेर पडले आणि नदीच्या वाटेला लागले. पहिल्या वळणालाच मुसेंबीचे तळहात ओले झाले.